अंतर्देशीय पत्र : सीमेवरच्या माणसाला लिहिण्यासाठी आजही घ्यावे का?

टपाल खात्याचे निळे अंतर्देशीय पत्र आजही अडीच रुपयांना मिळते. ज्यांच्या घरातील माणूस सैन्यात आहे आणि लढाईच्या दिवसांत ज्याचा फोन लागत नाही, अशा कुटुंबांना ते कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे यजमान तोफखान्यात होते. १९९९ साली कारगिलच्या लढाईत त्यांची तुकडी द्रासच्या बाजूला होती, हे आम्हाला लढाई संपल्यावर कळले. तोपर्यंत देवळाली कॅम्पातील आमच्या घराला पत्रांखेरीज दुसरा आधार नव्हता. आता पुतण्या सैन्यात आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी त्याचा फोन बंद झाला, तेव्हा मी पुन्हा अंतर्देशीय पत्रे आणली, आणि तेव्हापासून त्याला नियमाने लिहीत आहे.

पत्र म्हणजे एकच कागद. त्यावर तिकीट आधीच छापलेले असते, घड्या कुठे घालायच्या ते दाखवलेले असते, त्यामुळे पाकीट, तिकीट, वजन यांचा विचार करावा लागत नाही. कागद पातळ असल्याने जेल पेन वापरू नये, साधे बॉलपेन उत्तम चालते. कडेची बोटभर जागा मोकळी सोडावी, कारण डिंक लावलेली कड फोडताना तिथला मजकूर हमखास फाटतो, आणि ज्याला ते पत्र खंदकात बसून पुन्हा पुन्हा वाचायचे आहे, त्याला ओळीतले हरवलेले दोन शब्दही फार लागतात. आत काहीही घालता येत नाही. लेकराचा फोटो, अंगारा, राखी, यांपैकी काही पाठवायचे असेल तर पाकीटच घ्यावे. घरातल्या सर्वांनी मिळून लिहायचे ठरवले तर जागा अपुरी पडते, ही माझी खरी तक्रार आहे. आमच्या सासूबाई सांगत आणि मी लिहीत असे. त्यांचा मजकूर संपेपर्यंत मुलांसाठी शेवटची छोटी घडीच उरत असे.

मात्र या पत्राचे खरे मोल पत्त्यात आहे. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, त्याखाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचे टपाल कार्यालय) आणि ९ ने सुरू होणारा पिन कोड, एवढेच लिहायचे असते. गावाचे, जिल्ह्याचे किंवा राज्याचे नाव लिहायचे नसते. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, याचा मला अभिमान वाटतो. या पद्धतीत पहिला अंक ९ हा सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवलेला आहे. त्याच वर्षी १ मार्चला सैन्याच्या टपालसेवेला सैन्यातील स्वतंत्र दलाचे (कोअरचे) रूप मिळाले. तिचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. या व्यवस्थेमुळे पत्र ठिकाणाच्या नव्हे, तर युनिटच्या मागे जाते. युनिट एका रात्रीत वाळवंटातून डोंगरात हलले, तरी नाशिकच्या आईला पत्ता बदलावा लागत नाही, आणि आपला मुलगा कुठे आहे हे ठाऊक नसतानाही ती त्याला लिहू शकते. अडीच रुपयांत याहून मोठी सेवा मला तरी दुसरी माहीत नाही.

काय लिहावे, याविषयीही सांगितले पाहिजे. लढाईच्या काळात आपले पत्र तिसरे कोणी वाचेल, असे धरूनच लिहावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे, म्हणून शिपाई आपल्या लोकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणून घरी लिहीत; सेन्सॉरने उतरवून घेतलेले त्या पत्रांतील उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने एक छापील कार्डही काढले होते. त्यावर ‘मी बरा आहे’, ‘मी रुग्णालयात आहे’ अशी वाक्ये छापलेली असत. शिपायाने नको ती खोडायची; तारीख आणि सही यांपलीकडे एक शब्द जरी लिहिला तरी ते कार्ड नष्ट केले जाई. आपल्या हातात कोरा कागद आहे, तर त्यावर ‘तू कुठे आहेस, तिथे काय चालले आहे’ असे विचारून त्याला अडचणीत टाकू नये.

यजमानांची पत्रे ‘येथील सर्व कुशल’ एवढ्या एका ओळीत स्वतःविषयीचे सारे आटोपत. उरलेले पत्र निफाडच्या द्राक्षबागेविषयी असे : एप्रिलच्या छाटणीनंतर फूट कशी आली, काडी पिकायला लागली का, पाऊस किती झाला, मजुरांचे पैसे दिले का. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटे. पुढे लक्षात आले की त्यांना तोफांच्या आवाजात बसून बागेतच जायचे असे, आणि माझ्या पत्राने त्यांना तिथे नेले पाहिजे. तेव्हापासून मी तपशील लिहू लागले. पुतण्यालाही तसेच लिहिते : गोदेचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, धाकटीच्या परीक्षेत काय झाले, आजीने औषध घेतले की नाही.

फोनवरच्या संदेशाशी या पत्राची वेगाच्या बाबतीत तुलनाच होऊ शकत नाही. तातडीची बातमी यातून कळवू नये. पोहोचल्याची खूणही मिळत नाही. लढाईच्या काळात टपाल साचते आणि मग एकदम वाटले जाते, त्यामुळे नंतरचे पत्र आधी मिळते. यावर उपाय म्हणून प्रत्येक पत्रावर तारखेबरोबर अनुक्रमांक घालावा, म्हणजे मधले पत्र अजून यायचे आहे हे त्याला कळते. आजारपणाची बातमी लिहिलीच, तर बरे वाटल्यावरच लिहावी. अर्धवट बातमीनंतर पुढचे पत्र येईपर्यंतचे दिवस त्याला तिकडे एकट्याने काढावे लागतात.

टपाल तिकिटे छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस आपल्या नाशिक रोडलाच आहे, तरीही एका छोट्या टपाल कार्यालयात मला अंतर्देशीय पत्रे शिल्लक नाहीत असे उत्तर मिळाले. मोठ्या कार्यालयात विचारावे, आणि मिळतील तेव्हा दहा-वीस घेऊन ठेवावीत. ज्यांच्या घरी सैन्यातला माणूस आहे, त्यांनी फोन बंद पडण्याची वाट न पाहता युनिटचा पूर्ण पत्ता आजच मागून घ्यावा आणि पहिले पत्र या आठवड्यातच टाकावे.