जुन्या लेथवर लिनक्ससीएनसी: अंबडच्या शेडमधील दीड वर्षाचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमधल्या सीएनसी लेथचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कातणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलर बंद पडला, तेव्हा बेड, बॉलस्क्रू आणि चक ठणठणीत होते. परंतु कंट्रोलरचे कार्ड कुठेच मिळेना आणि नवा कंट्रोलर बसवण्याचे जे दरपत्रक हाती आले, त्यापेक्षा मशीन भंगारात घालणे स्वस्त पडले असते. म्हणून साध्या संगणकालाच कंट्रोलर बनवणारे लिनक्ससीएनसी हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून पाहिले. दीड वर्षानंतर माझे मत असे, की मशीन चालवणाऱ्याला ते सोपे आहे, बसवणाऱ्याला नाही. आणि आपल्याकडे त्याचा प्रसार अडतो तो पैशांपाशी नव्हे, तर या बसवणाऱ्या माणसापाशी.

या सॉफ्टवेअरचे मूळ अमेरिकेच्या निस्ट या शासकीय संस्थेतील १९९०च्या दशकातल्या प्रकल्पात आहे. ते फुकट आहे, नऊ अक्षांपर्यंत चालते आणि डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर आधारलेली २.९ ही आवृत्ती पेनड्राइव्हवरून कोणत्याही साध्या संगणकावर चढते. मशीन न जोडताही पडद्यावर प्रोग्रॅम चालवून पाहता येतो, ही सोय शिकाऊ मुलांना फार उपयोगी पडते.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. महात्मा गांधी रोडवरून घेतलेल्या जुन्या संगणकावर लेटन्सी टेस्ट, म्हणजे संगणक ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर करतो याची चाचणी, लावली, तर आकडा १८० मायक्रोसेकंदांवर गेला; बायोसमधील वीजबचतीच्या सगळ्या सोयी बंद केल्यावर तो ४०च्या खाली आला. जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून मोटर हलवणारे पल्स थेट काढायचे असतील, तर हा आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असलेला बरा. आम्ही मेसा कंपनीचे ७आय७६ई हे ईथरनेट कार्ड घेतले. त्यात पल्स कार्डवरच तयार होतात आणि संगणकाला दर मिलिसेकंदाला केवळ हुकूम द्यावा लागतो, त्यामुळे ४०चा आकडा चालून गेला. सॉफ्टवेअर फुकट असले तरी हे कार्ड, मोटर चालवणारे सर्वो ड्राइव्ह आणि वायरिंग यांचा खर्च होतोच.

नाशिककराला एचएएल म्हटले की ओझरचा विमान कारखाना आठवतो. इथे मात्र एचएएल म्हणजे कोणता स्विच, कोणता एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) आणि कोणता ड्राइव्ह एकमेकांशी कसा जोडायचा, हे ओळीओळीने लिहिलेली फाइल. पीएनसीकॉन्फ नावाचा विझार्ड ती बरीचशी तयार करून देतो आणि साधी गणिते सहज जमतात: बॉलस्क्रूची पिच (एका फेऱ्यात सरकणारे अंतर) ५ मिमी आणि एका फेऱ्याला १०,००० पल्स, म्हणून स्केल, म्हणजे दर मिमीला पल्स, २०००. पण लिमिट स्विच उलटा वाचला जात असेल किंवा स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) दर फेऱ्याला एकदा येणारा इंडेक्स पल्स येत नसेल, तर ती फाइल उघडून स्वतः वाचण्याखेरीज गत्यंतर नाही. आमच्या फिटरला वायरिंग तोंडपाठ आहे, परंतु लिनक्सची ही फाइल पाहून त्याने हात टेकले. शेवटी अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने चार रविवार खर्च करून ती पुरी केली.

ऑपरेटरची अडचण वेगळ्या जातीची होती. त्याने फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवरचा जुना प्रोग्रॅम चढवला, २५ मिमीचा बार पकडला, आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाला, "शेठ, टूल जॉबला लागतच नाहीये." लिनक्ससीएनसी सुरू होताना एक्सचे (टूल जॉबकडे आत-बाहेर सरकण्याचे) माप त्रिज्येत धरते, त्यामुळे एक्स२० म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी ४० मिमी व्यास, आणि टूल हवेतच फिरत होते. मशीनच्या मांडणीच्या आयएनआय फाइलीतील स्टार्टअप कोडमध्ये जी७ हा हुकूम टाकल्यावर मापे व्यासात आली. आटे पाडण्याच्या जी७६ मध्येही असाच फरक आहे: फॅनुकच्या दोन ओळींऐवजी इथे एकच ओळ असते आणि तीत पी म्हणजे थेट पिच. जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. प्रत्येक प्रोग्रॅमचा ड्राय रन, म्हणजे धातू न कापता चाचणी, घ्यावा. इमर्जन्सी स्टॉपही केवळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता त्याने ड्राइव्हचा पुरवठा थेट तुटेल असा बसवावा.

एवढे झाल्यावर मात्र ऑपरेटरसमोर दिसणारा अ‍ॅक्सिसचा पडदा आवडू लागतो. टूलचा मार्ग रेषांनी दिसतो, टच ऑफ (टूलची शून्य जागा ठरवणे) दोन बटणांत होतो आणि स्पिंडल एन्कोडर नीट जोडला असेल, तर दहाव्या पासलाही टूल त्याच आट्यात उतरते. ज्यांना लाकडाचा छोटा राउटर चालवायचा आहे, त्यांनी एवढा व्याप करू नये. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालणारे जीआरबीएल हे सॉफ्टवेअर त्यांना पुरेल, पण त्यावर लेथचे आटे पडणार नाहीत.

दुसऱ्या लेथचे पॅनल मी अजून उघडलेले नाही. भाचा पुण्याला नोकरीला लागला आहे. त्याने हाताने लिहिलेली जोडणीची यादी पहिल्या पॅनलच्या दाराला आतून चिकटवली आहे, फाइलींची प्रत असलेला पेनड्राइव्ह कपाटात आहे, आणि फिटर सध्या रोज जेवणाच्या सुट्टीत त्या यादीतील एकेक ओळ वायरशी ताडून पाहतो आहे.