ग्रँड पॅलेस की वाट फो?

बँकॉकमध्ये ही दोन्ही ठिकाणं (एक राजवाडा, दुसरं बौद्ध मंदिर) एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत, म्हणून टूरवाले एकाच सकाळी दोन्ही उरकतात. पण सोबत आई-बाबा असतील आणि ऊन तापलं असेल, तर एकच निवडलेलं बरं.

ग्रँड पॅलेस १७८२ साली राजा राम पहिला याने बांधायला घेतला. परदेशी पर्यटकाला तिकीट ५०० बाट, खिडकी दुपारी साडेतीनला बंद. दालनांमागून दालनं बघायला मिळतील या आशेवर जाऊ नका. बऱ्याचशा इमारती बाहेरूनच पाहायच्या. खरा ऐवज आहे आवारातल्या वाट फ्रा केव मंदिरात. तिथला पाचूचा बुद्ध (नाव पाचूचं, मूर्ती दुसऱ्याच हिरव्या दगडाची) जेमतेम ६६ सेंटिमीटरचा, आणि इतक्या उंचावर बसवलाय की मान वर करून शोधावा लागतो. ऋतू बदलला की त्याची वस्त्रं बदलतात, वर्षातून तीनदा. हा मान राजाचा.

माझ्या मते मात्र पैसे वसूल होतात ते मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत. १७८ भित्तिचित्रांत अख्खं रामकियन, म्हणजे थाई रामायण रंगवलंय. दागिने नि मुकुट सोनेरी मुलाम्याने लखलखतात. या कथेत सेतूचे दगड रावणाची मत्स्यकन्या लेक सुवर्णमच्छा पळवते, आणि तिला अडवायला गेलेला हनुमान तिच्याच प्रेमात पडतो! शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्यांनी हा प्रसंग शोधावाच. त्यासाठी सकाळी साडेआठला, दार उघडताच आत शिरा. अकरानंतर गर्दीत चित्रं दिसत नाहीत, डोकी दिसतात.

रामायणात रस नसेल किंवा दुपारच झाली असेल, तर सरळ वाट फो. तिकीट स्वस्त, संध्याकाळपर्यंत उघडं. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं. पाठीमागे ओळीने १०८ पात्रं मांडलेली असतात, लोक एकेकात नाणं टाकत पुढे सरकतात आणि टणटण आवाज अखंड चालू राहतो. फ्रा केवमध्ये भिक्खू राहत नाहीत, इथे राहतात. आवारातच थाई मसाजही मिळतो. थकलेल्या आई-बाबांसाठी हा मुद्दा छोटा नाही.

कपडे दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकणारे हवेत. पॅलेसच्या दारात तर हाफ पँटवाल्याला सोडतच नाहीत. आणि रस्त्यात कुणी गोड बोलून "आज पॅलेस बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं, तर त्याच्या टुकटुकमध्ये बसू नका. गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा.