मिनी कूपर एस आर५३: इंटरकूलर वरचा की पुढचा?

२००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसमध्ये (आर५३) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, असतो. दाबल्याने तापलेली ती हवा थंड करणारा मूळ इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसतो. बॉनेटच्या स्कूपमधून (हवा आत घेणाऱ्या उंचवट्यातून) वारा मिळतो, पण खालून इंजिनाची धग. गाडी धावती असेपर्यंत ठीक. दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडका, मग बॉनेट उघडून हात लावून बघा, चटका बसतो. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अंग चोरते.

त्याच जागी बसणारा मोठा, बार-अँड-प्लेट कोअरचा (आतला गाभा जाड पट्ट्या-पत्र्यांचा असलेला) इंटरकूलर हा सोपा उपाय. हवेची वाट तेवढीच आखूड राहते, त्यामुळे प्रतिसाद जवळपास जसाच्या तसा. वजनदार असल्याने तो उशिरा तापतो. मात्र एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो, हे जाहिरातीत नसतं. बसवताना दोन्ही बाजूंचे रबरी बूट, म्हणजे हवेच्या वाटेचे जोड, नीट पाहा. एक जरी चिरलेला असला तरी बूस्ट (दाबलेली हवा) तिथून गळतो आणि बोल मात्र नव्या इंटरकूलरला लागतो.

बंपरमागचा, म्हणजे पुढचा, इंटरकूलर ताज्या हवेत असतो. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारायच्या तर हाच. पण पाइप लांबतात, दाब थोडा घटतो, रेडिएटरपुढे अडसर येतो, बंपरची कापाकापीही आलीच. आणि बॉनेटवरचा तो स्कूप? नुसता शोभेचा.

सुपरचार्जरची पुली (त्याला फिरवणारं पट्ट्याचं चाक) मूळचीच असलेल्या, म्हणजे बूस्ट न वाढवलेल्या, रोज वापरायच्या गाडीत मी तरी वरचाच घेईन.