एकच चाक घसरणारा जुना ट्रॅक्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या काळ्या जमिनीसाठी मी एप्रिलमध्ये ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर घेतला. पलटी नांगर (परतीच्या फेरीत फाळ उलटवून माती दुसऱ्या बाजूला टाकणारा नांगर) जमिनीत गेला, की मागचे डावे चाक जागीच फिरू लागे आणि उजवे जवळजवळ थांबे. मिस्त्रीने डिफरन्शिअल (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) खोलण्याचा सल्ला दिला. मात्र तो खर्च करण्याआधी मी दोन तास केवळ निरीक्षण केले. नांगरताना एक चाक तासात, म्हणजे नांगराने पडलेल्या चरात उतरते, ट्रॅक्टर त्या बाजूला कलतो आणि वरच्या चाकावरचा भार कमी झाल्याने ते घसरते. पलटी नांगराने येता-जाता तासातले चाक बदलते, म्हणजे घसरणारे चाकही बदलायला हवे. आमच्याकडे दोन्ही फेऱ्यांत डावेच घसरत होते, त्यामुळे दोष त्या चाकातच शोधायचा, हे ठरले. डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एकाची पकड सुटली, की दुसऱ्याची चांगली पकडही वाया जाते.

डाव्या टायरची नक्षी निम्म्याहून अधिक झिजलेली होती आणि हवा २६ पौंड होती. उजवा टायर जवळपास नवा, हवा १४ पौंड. विकणाऱ्याने एकच टायर बदलला होता. मी डावीकडची हवा १४ वर आणली, वजन वाढून पकड यावी म्हणून वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून दोन्ही ट्यूबांत तीन-चतुर्थांश पाणी भरले आणि आठवड्याभरात डावा टायर त्याच मापाचा नवा घातला. टायरवर चुन्याची खूण करून डाव्या चाकाच्या १० फेऱ्यांतले अंतर मोजले. नांगर उचललेला असताना ते ३९ मीटर होते. नांगर लावल्यावर आधी २९, हवा-पाण्यानंतर ३२ आणि नव्या टायरनंतर ३४ भरले. म्हणजे ३९ मीटरच्या मानाने घसरण २६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आली. शेतात १० ते १५ टक्के घसरण योग्यच मानली जाते.

डिफ लॉकचा (दोन्ही मागची चाके एकत्रच फिरायला लावणाऱ्या लॉकचा) पेडल चिखलाने आखडला होता, तोही सोडवला. लॉक सरळ ओळीत, संथ वेगात आणि चाक गरगर फिरू लागण्याआधी लावावा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, वळण्यापूर्वी तो सुटल्याची खात्री करावी, नाहीतर गिअरवर ताण येतो.

पाण्याच्या वजनामुळे ट्रॉलीला कापूस भरून रस्त्याने जाताना ट्रॅक्टर जड चालतो, हे मान्य करावे लागेल. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीने नक्षीच भरून जाते, तेव्हा पाणी आणि लॉक दोन्ही निरुपयोगी ठरतात. वाफसा येईपर्यंत आम्ही ट्रॅक्टर शेतात घातला नाही. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी त्याच वावरात मशागत केली, तेव्हा लॉकची गरज एकदाही पडली नाही.