ऑनसाइट वॉरंटी: घरी येतं कोण आणि दुरुस्त होतं काय

लॅपटॉप घेताना पुण्यातला दुकानदार दोन वाक्यं हमखास ऐकवतो. 'एक वर्ष ऑनसाइट आहे, माणूस घरी येतो' आणि 'तीन वर्षांची करून घ्या, मग बघायलाच नको.' पहिलं वाक्य खरं आहे, पण अर्धं. दुसऱ्यासाठी वरचे काही हजार मोजायच्या आधी कंपन्यांची ही सेवा आतून कशी चालते ते माहीत हवं. कोणत्याही एका ब्रँडबद्दल हे नाही. अटींची भाषा आणि कामाची साखळी बहुतेकांची सारखीच आहे, आणि ग्राहक अडकतो त्या जागाही त्याच.

आधी ऑनसाइटच्या अटींमधला 'नेक्स्ट बिझनेस डे', म्हणजे 'पुढचा कामाचा दिवस'. याचा अर्थ उद्या लॅपटॉप दुरुस्त, असा होत नाही. फोनवरची तपासणी पूर्ण होऊन 'भाग बदलावा लागेल' असं ठरलं की तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. तो दिवसही भेटीचा असतो, दुरुस्तीचा नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी तक्रार नोंदवली, तपासणी शनिवारी संपली, तर सोमवार-मंगळवारच्या आत माणसाची वाट बघू नये. मदरबोर्ड गोदामात नसेल तर 'पार्ट बॅकऑर्डरवर आहे' (म्हणजे भाग शिल्लक नाही, येईपर्यंत थांबा) असा मेल येतो आणि घड्याळ थांबतं. किती दिवसांत नीट करून देऊ, याचा आकडा अटींमध्ये सहसा सापडत नाही. खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न हाच, आणि उत्तर तोंडी नको, मेलवर हवं.

फोनवरचा माणूस समोरची यादी वाचत असतो: चार्जर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून ठेवा, बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) अपडेट करा, शेवटी विंडोज पुन्हा टाका. बटणाची पायरी एकदा करावी, कारण काही वेळा खरंच फरक पडतो आणि केस नंबरखाली तशी नोंदही होते. पण चार्जिंग होत नाही, कीबोर्डची एक अख्खी ओळ मेली आहे, स्क्रीनवर उभी रेघ आहे, अशा दोषांसाठी विंडोज पुसायला ठाम नकार द्यावा. रेघ बायॉसच्या पानावरही दिसते का, ते आधी पाहावं. तिथे दिसली तर विंडोजचा काही संबंध नाही. मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवरही रेघ आली तर गडबड ग्राफिक्सच्या बाजूला. टीव्ही स्वच्छ असेल तर पॅनेल किंवा त्याची केबल. झाकण पुढे-मागे केल्यावर रेघ येत-जात असेल तर बहुधा केबल. एवढं एका मेलमध्ये लिहून पाठवलं की तासाभराचा फोन दहा मिनिटांवर येतो.

त्याहून पक्कं काम कंपनीच्या स्वतःच्या चाचणीने होतं. डेलवर मशीन सुरू होताना एफ-१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं. एचपीवर एस्केप दाबत राहून मग एफ-२. चार्जर लावूनच चाचणी सुरू करावी. लांबच्या चाचणीला बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नये. दोष सापडला तर पडद्यावर कोड येतो: डेलमध्ये एरर कोड आणि व्हॅलिडेशन कोड, एचपीमध्ये चोवीस अक्षरांचा फेल्युअर आयडी. त्याचा फोटो काढून केसला जोडला की पुढची प्रश्नावली बरीचशी आपोआप गळते, कारण हा पुरावा कंपनीच्याच यंत्रणेने दिलेला असतो. कधी येणारा, कधी न येणारा दोष मात्र या चाचणीत सापडत नाही. त्याचा व्हिडिओच लागतो, आणि त्याच व्हिडिओत, न थांबता, लॅपटॉप उलटा करून खालचा सीरियल नंबर दाखवावा.

आता खरी भांडणाची जागा: 'फिजिकल डॅमेज'. कंपनीच्या भाषेत सीआयडी, म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. ही तीन अक्षरं केसवर पडली की वॉरंटी संपल्यात जमा. घरी आलेला इंजिनिअर सहसा कंपनीचा नोकर नसतो, सर्व्हिस पार्टनरचा असतो. तो फोटो काढून वर पाठवतो आणि निर्णय लॅपटॉप कधीच न पाहिलेला माणूस देतो. या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. हाताने तपासणाऱ्याला अधिकार नाही आणि अधिकार असलेल्याच्या हातात फक्त फोटो.

बिजागरीचं उदाहरण घ्या. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये पोलादी बिजागरी प्लास्टिकच्या बॉडीत बसवलेल्या पितळी नटांवर तीन-चार बारीक स्क्रूंनी धरलेली असते. बिजागरी घट्ट आणि प्लास्टिक पातळ. झाकण रोज एका कोपऱ्याने उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या नटांवर येतो. एक नट प्लास्टिकमधून उपटला की बाकीच्यांवरचा भार वाढतो आणि काही आठवड्यांत झाकणाचा कोपरा फाकतो. त्या अवस्थेत सर्व्हिस सेंटरला नेलं की उत्तर ठरलेलं असतं: तुटलं आहे, म्हणजे पडलं आहे. तक्रार करायची वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते. बिजागरीजवळ बेझलमध्ये, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या चौकटीत, नखभर फट दिसली, उघडताना 'कट्' आवाज आला की त्याच दिवशी फोटो काढून केस नोंदवावी. कोपऱ्यावर आपटल्याची खूण नाही, हे त्या तारखेच्या फोटोत दिसायला हवं. महिन्याभराने तोच कोपरा तुटला तर 'आम्ही आधीच कळवलं होतं' हे म्हणायला कागद असतो.

दुसरं कारण पाणी. मशीनच्या आत ठिकठिकाणी पांढरे छोटे स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात. साध्या दमट हवेने ते सहसा लाल होत नाहीत, थेंब लागावा लागतो. पुण्यात तो थेंब जून ते सप्टेंबर दुचाकीवर लागतो. सॅकला रेनकव्हर घातलं की काळजी मिटली असं वाटतं, पण कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका तिकडेच असतो. रेनकोटवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं. हिंजवडी ते कोथरूड एवढ्या भिजण्याला जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून लॅपटॉप ठेवणं हाच भरवशाचा उपाय. भिजलाच तर चालू होतो का हे बघायचा मोह टाळावा. चार्जर काढावा, मशीन बंद ठेवावं. बोर्डवर ओल असताना त्यातून वीज वाहिली की साध्या ओलीचं शॉर्ट होतं.

सेंटरमध्ये मशीन देताना जॉबशीट, म्हणजे मशीन कोणत्या अवस्थेत घेतलं ते लिहिलेला कागद, वाचूनच सही करावी. 'स्क्रॅचेस अँड डेंट्स' असा मोघम शेरा असेल तर 'वरच्या झाकणावर डावीकडे एक ओरखडा, बाकी ठीक' असं लिहवून घ्यावं. काउंटरवरच चारही कडा, तळाचे स्क्रू आणि चालू स्क्रीन यांचे फोटो काढावेत. वाद झाला तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणता भाग, कोणता फोटो, अटींमधलं कोणतं कलम. एवढं मागितल्यावर काही केसेस पुन्हा तपासल्या जातात. फोनवर आवाज चढवून हे होत नाही.

जे चांगलं आहे तेही सांगितलं पाहिजे. पॅनेल, कीबोर्ड, पंखा, अडॅप्टर, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क), यांचा दोष सरळ असेल तर घरी येऊन बदलण्याची सेवा खरोखर उपयोगी आहे. काम तास-दोन तासांचं असतं आणि बहुतेक इंजिनिअर हाताने चांगले असतात. फक्त ओटीपी जपावा. 'कॉल क्लोज करायचाय, ओटीपी सांगा' हे वाक्य मशीन जोडता जोडताच येतं. ओटीपी दिला की कागदोपत्री तक्रार सुटली. आधी दोनदा रीस्टार्ट, वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळे यूएसबी पोर्ट, चार्जिंग आणि कीबोर्डची प्रत्येक कळ तपासावी. खालचे सगळे स्क्रू बसले का तेही पाहावं.

मदरबोर्ड बदलणार असेल तर तयारी आदल्या रात्रीच हवी. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर नवीन बोर्डवर विंडोज अठ्ठेचाळीस आकडी 'रिकव्हरी की', म्हणजे कुलपाची किल्ली, मागतं, कारण ती किल्ली सांभाळणारी जुनी टीपीएम चिप बोर्डाबरोबर गेलेली असते. ही किल्ली सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर उतरवावी, नाहीतर डेटा डोळ्यांसमोर असून कुलूपबंद राहतो. बोर्ड बसल्यावर बायॉसमध्ये सीरियल नंबर बिलावरचाच आहे का, ते इंजिनिअर असतानाच तपासावं. तो राहून गेला तर पुढच्या तक्रारीला 'हे मशीन आमच्याकडे दिसत नाही' असं उत्तर मिळतं. एसएसडी बदलली तर जुनी कंपनी घेऊन जाते, म्हणून बॅकअप ही आपलीच जबाबदारी. बदललेला भाग नवाच असेल असंही नाही, नूतनीकरण केलेला भाग देण्याची सोय बहुतेक अटींमध्ये असते.

बॅटरीकडे लोक फार उशिरा बघतात. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची अनेकदा एकाच वर्षाची असते. अकराव्या महिन्यात कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक स्पेस आणि 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport) अशी कमांड द्यावी. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी मिळते. पन्नास हजारांवरून तीस हजार मिलीवॉट-तासांवर आली असेल तर लगेच तक्रार नोंदवावी. टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगून लॅपटॉप टेबलावर डुलू लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्ज करणं त्याच क्षणी थांबवावं.

आणखी एक बारीक फसगत तारखेची. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कधी कधी माल कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून धरलेली असते. खरेदीच्या आठवड्यातच कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून तारीख पाहावी. चूक असेल तर जीएसटी बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी. बिलावर सीरियल नंबर छापलेला नसेल तर दुकानातून उठूच नये.

मग वाढीव वॉरंटी घ्यावी का? रोज दुचाकीवर लॅपटॉप नेणाऱ्याने साध्या वाढीव वॉरंटीवर खर्च करू नये. कंपनीचं अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यावं, कारण त्याचं मशीन पाणी, पडणं आणि बिजागरी यांनीच जाणार, आणि साध्या वॉरंटीत ते बसत नाही. ते खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळतं आणि वर्षाला किती दावे चालतात याची मर्यादा असते, ती वाचावी. टेबलावरच राहणाऱ्या महागड्या मशीनला दोन-तीन वर्षांची ऑनसाइट ठीक आहे, कारण तिथे भीती बोर्डाची. दुकानाची स्वतःची 'एक्स्टेंडेड' योजना कंपनीची नसते. दाव्याला जायचं कुठे, ते बिल फाडायच्या आधी विचारावं.

सगळं करूनही अडलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला केस नंबर, फोटो आणि जॉबशीटसह एकच मेल करावा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथे निकाल होत नाही, मध्यस्थी होते, पण कंपनीतला वरचा माणूस बऱ्याचदा याच टप्प्यावर पहिल्यांदा बोलतो. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो. म्हणजे कंपनीचं कार्यालय बेंगळुरू-गुरुग्रामला असलं तरी पुणेकर पुण्यातच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइन भरता येतो, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. विक्रेता, उत्पादक आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही सामनेवाले (दाव्यातला विरुद्ध पक्ष) करावं, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

म्हणूनच वाद चालू असताना लॅपटॉप बाहेर उघडू नये. पुण्यातल्या तपकीर गल्लीतले (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातले) चिप लेव्हलचे कारागीर अख्खा बोर्ड न बदलता शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा चार्जिंगची आयसी तेवढी बदलतात, आणि कंपनीच्या अंदाजपत्रकापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. पण एकदा तिथे स्क्रू निघाले की कंपनीला नकाराचं नवं कारण मिळतं. कंपनीचा नकार लेखी हातात आल्यावर आणि दाव्याचा विचार सोडल्यावरच तिकडे जावं, आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.