पायातील शिरेत गुठळी झाल्यावर: वॉरफरीन घ्यावी की नवी गोळी?

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असल्याचे कलर डॉपलरमध्ये निश्चित झाले, सुरुवातीचे उपचार झाले आणि ‘रक्त पातळ ठेवण्याची गोळी किमान तीन महिने चालू ठेवा’ असे सांगून रुग्णाला घरी सोडले, की घरच्यांपुढे एक निवड उभी राहते. एका बाजूला वॉरफरीन आणि तिच्याच वर्गातील अ‍ॅसेनोकुमारॉल, म्हणजे अनेकांच्या चिठ्ठीवर दिसणारी अ‍ॅसिट्रॉम, या जुन्या गोळ्या; दुसऱ्या बाजूला रिव्हरॉक्झाबॅन, अ‍ॅपिक्झाबॅन आणि डॅबिगॅट्रान ही नवी औषधे. नाशिकमध्ये दोन्ही प्रकार मिळतात आणि दोन्ही लिहून दिले जातात. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत उभे राहणाऱ्याला हा प्रश्न नेहमी किमतीच्या रूपात विचारला जातो: ‘एवढी महाग गोळी कशाला, ती जुनी चालणार नाही का?’ किमतीचा मुद्दा खोटा नाही, परंतु कोणती गोळी कोणाला लागू पडते हे ठरवणाऱ्या बाबी वेगळ्या आहेत, आणि त्यांतील काही तर अशा आहेत की तेथे निवडीला जागाच राहत नाही.

दोन्ही प्रकारांबद्दल एक गोष्ट सारखी आहे. यांपैकी कोणतीही गोळी झालेली गुठळी विरघळवत नाही. ती वाढू नये आणि नवी होऊ नये एवढेच काम गोळी करते. गुठळी हळूहळू विरघळवण्याचे काम शरीर स्वतः काही आठवड्यांत किंवा महिन्यांत करते. या काळात गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते, आणि म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतील गोळी ही ‘जमेल तशी’ घ्यायची गोष्ट नाही.

काम करण्याची रीत

वॉरफरीन माणसांच्या उपचारात 1954 पासून वापरली जात आहे. यकृतात रक्त गोठवणारे जे घटक तयार होतात, त्यांपैकी चार घटकांना के जीवनसत्त्व लागते, आणि वॉरफरीन नेमका त्याचाच पुरवठा रोखते. रक्तात आधीच असलेले घटक संपेपर्यंत परिणाम दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीचे किमान पाच दिवस, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) 2 च्या वर जाऊन स्थिर होईपर्यंत, लगेच परिणाम करणारे हेपॅरिनच्या जातीचे इंजेक्शन सोबत द्यावे लागते. ‘गोळी सुरू केली तरी इंजेक्शन का टोचता?’ या नातेवाइकांच्या नाराजीचे उत्तर हे आहे.

नवी औषधे रक्त गोठण्याच्या साखळीतील एकेका कडीवर थेट काम करतात आणि काही तासांत परिणाम देतात. रिव्हरॉक्झाबॅन आणि अ‍ॅपिक्झाबॅन इंजेक्शनशिवायही सुरू करता येतात, मात्र सुरुवातीचा डोस मोठा असतो: रिव्हरॉक्झाबॅन पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि नंतर 20 मिलिग्रॅम एकदा, अ‍ॅपिक्झाबॅन पहिले 7 दिवस 10 मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर 5 मिलिग्रॅम दोनदा. हा बदल ज्या दिवशी करायचा ती तारीख चिठ्ठीवर लिहून घेतली नाही, तर कोणी मोठाच डोस दीड महिना चालू ठेवतो आणि कोणी पहिली पट्टी संपताच गोळी बंद करतो. डॅबिगॅट्रानपूर्वी इंजेक्शनचे किमान पाच दिवस लागतातच.

आयएनआरचे ओझे

वॉरफरीनचा डोस माणसागणिक वेगळा असतो आणि तो आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतो. गुठळीच्या बहुसंख्य रुग्णांसाठी आयएनआर 2 ते 3 च्या दरम्यान हवा. 2 च्या खाली गुठळीचा धोका, 3 च्या बराच वर रक्तस्रावाचा. पहिल्या आठवड्यांत ही तपासणी वारंवार, आकडा स्थिरावल्यावर महिन्यातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा करावी लागते.

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोडला राहणाऱ्याला ही तपासणी म्हणजे सकाळचा अर्धा तास. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावर राहणाऱ्याला मात्र तीच तपासणी म्हणजे एसटीचे येणे-जाणे, सोबतच्या माणसाचा आणि स्वतःचा बुडालेला रोज. वॉरफरीनची पट्टी स्वस्त असते हे खरे, पण तिच्या हिशेबात हा खर्च धरलाच पाहिजे, आणि चिठ्ठी लिहिताना तो सहसा धरला जात नाही.

शिवाय नमुना कसा घेतला जातो यावरही आकडा अवलंबून असतो. आयएनआरचे रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचे द्रावण आधीच मोजून घातलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण साधण्यासाठी नळी खुणेपर्यंत भरावी लागते. शीर सापडत नाही म्हणून अर्धीच भरलेली नळी यंत्रात गेली, तर द्रावण जास्त होऊन आयएनआर प्रत्यक्षापेक्षा वाढलेला दिसू शकतो, आणि त्या चुकीच्या आकड्यावर डोस कमी केला जातो. रक्त काढताना नळी खुणेपर्यंत भरली की नाही हे रुग्णाने स्वतः पाहण्यात काही गैर नाही. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी आणि तारीख, आकडा व डोस एका वहीत लिहावा.

नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. याचा अर्थ रक्ततपासणी मुळीच लागत नाही असा मात्र नाही: मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि यकृताच्या चाचण्या गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर अधूनमधून पाहाव्या लागतात. डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, अ‍ॅपिक्झाबॅन सुमारे 27 टक्के. म्हणून वय झालेल्या, मधुमेहाने मूत्रपिंड कमजोर झालेल्या रुग्णासाठी नव्यांपैकी कोणती, हाही स्वतंत्र प्रश्न आहे.

खाणेपिणे, उपास आणि इतर औषधे

पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरीनच्या विरुद्ध काम करते. ज्या शहरातून कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या गाड्या भरून मुंबईला जातात, तेथे ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला पाळला जाणे अशक्य आहे आणि तो चुकीचाही आहे. पालेभाजी आठवडाभर साधारण सारख्या प्रमाणात खावी आणि त्या प्रमाणावर डोस बसवून घ्यावा, हा योग्य सल्ला. गडबड होते ती अचानक बदलाने: थंडीत रोज मेथी, आषाढ-श्रावणात रानभाज्या, आणि मग आजारपणात आठवडाभर नुसती पेज. अशा बदलानंतर आयएनआर एकदा जास्तीचा पाहून घ्यावा.

नव्या गोळ्यांना पालेभाजीचे सोयरसुतक नाही. रिव्हरॉक्झाबॅनला मात्र उपास मानवत नाही. तिचा 15 आणि 20 मिलिग्रॅमचा डोस अन्नाबरोबर घेतला तरच पुरेसा शोषला जातो. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीचा बराच भाग वाया जातो. सोमवार, एकादशी किंवा नवरात्राचे नऊ दिवस करणाऱ्या रुग्णाने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी हे जेवणच आहे, तिच्याबरोबर गोळी चालते; पाण्यावरचा निर्जळीकडे झुकलेला उपास असेल तर अ‍ॅपिक्झाबॅन सोयीची, कारण तिला अन्नाची अट नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल पट्टीतून किंवा बाटलीतून काढून आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवू नये, ती ओलाव्याने खराब होते, आणि फोडून पूड तर कधीच घेऊ नये.

औषधांच्या बाबतीत वॉरफरीन फारच नाजूक आहे. जुलाबासाठी घेतलेली मेट्रोनिडॅझोल, बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन या गोळ्या आयएनआर चढवतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो पाडते. नव्या गोळ्यांची यादी लहान आहे, परंतु रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधे त्यांचाही परिणाम घटवतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र दोन्ही प्रकारांबरोबर सारखीच घातक आहे, आणि आमच्या अनुभवात रुग्ण ही गोळी ‘औषध’ म्हणून सांगतच नाहीत.

विसरलेला डोस

माझ्या मते निवडीचा खरा कस येथे लागतो. वॉरफरीनचा परिणाम सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. एखादी रात्र चुकली तर संरक्षण लगेच नाहीसे होत नाही, आणि वारंवार चुकत असेल तर पुढच्या आयएनआरमध्ये ते पकडले जाते. कोणीतरी विचारते, कोणीतरी रागावते. नव्या गोळ्यांचा परिणाम अर्ध्या ते एका दिवसात ओसरतो. दोन दिवस गोळी घेतली नाही तर रुग्ण उघडा पडतो, आणि हे दाखवणारी कोणतीही नेहमीची तपासणी नाही. पायाची सूज उतरली, चालणे जमू लागले, द्राक्षबागेची छाटणी सुरू झाली किंवा अंबडच्या कारखान्यात पाळी बदलली, की दुसऱ्या आठवड्यानंतर गोळ्या चुकू लागतात. महिन्याची पट्टी संपायला जे सव्वा महिना घेतात त्यांना ‘तपासणी नको म्हणून नवी’ हा युक्तिवाद लागू होत नाही.

चुकलेला डोस त्याच दिवशी आठवल्यास घ्यावा. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये. रिव्हरॉक्झाबॅनच्या पहिल्या 21 दिवसांतील डोसचा नियम थोडा वेगळा आहे, तो आधीच विचारून ठेवावा.

रक्तस्राव

परिणामकारकतेत दोन्ही प्रकार जवळपास बरोबरीचे आहेत. सुरक्षिततेत नव्या गोळ्या, विशेषतः मेंदूतील रक्तस्रावाच्या बाबतीत, सरस ठरल्या आहेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवर या औषधांची तुलना करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफाय चाचणीत गंभीर रक्तस्राव अ‍ॅपिक्झाबॅन गटात 0.6 टक्के आणि वॉरफरीनच्या पारंपरिक उपचारात 1.8 टक्के रुग्णांना झाला. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. वॉरफरीनची जमेची बाजू अशी, की तिच्यावरचा उतारा, म्हणजे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग), सहज उपलब्ध असतो. नव्या औषधांचे खास उतारे महाग आहेत आणि ते सगळीकडे मिळत नाहीत, परंतु त्यांचा परिणाम आपोआप लवकर ओसरतो हेही तितकेच खरे.

काळी शौचास होणे, लघवीतून किंवा उलटीतून रक्त, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी; तसेच अचानक दम लागणे, छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त: यांपैकी काहीही झाल्यास गोळी कोणतीही असो, 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

जेथे निवड नाही

हृदयात धातूची झडप बसवली असेल तर वॉरफरीनच्या वर्गातीलच गोळी. नवी औषधे तेथे धोक्याची ठरली आहेत. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असेल आणि ठोके अनियमित असतील तरीही जुनीच. इन्व्हिक्टस ही 2022 ची चाचणी, जिच्यात भारतातील रुग्णही होते, त्यात अशा रुग्णांमध्ये रिव्हरॉक्झाबॅनपेक्षा जुन्या गोळ्यांनी मृत्यू कमी झाले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने गुठळ्या होण्याच्या विकारात, विशेषतः त्याच्या तिन्ही रक्तचाचण्या सकारात्मक असताना, वॉरफरीनच घ्यावी. गरोदरपणात मात्र दोन्ही गोळ्या बाद होतात, पोटावर टोचायचे हेपॅरिनच चालते. गोळी चालू असताना दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच डॉक्टरांना कळवावे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला वॉरफरीन देता येते, नवी औषधे टाळतात.

पायाच्या धमनीच्या आजाराची गोष्ट निराळी. चालताना पोटरीत गोळे येणे आणि थांबल्यावर कमी होणे हे त्या आजाराचे लक्षण. तेथे अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन आणि तंबाखू-विडी पूर्ण बंद हे उपचार प्रमुख असतात. एका रुग्णाची पट्टी दुसऱ्याने घेऊ नये ती यासाठीच.

खर्च आणि मुदत

रिव्हरॉक्झाबॅन आणि अ‍ॅपिक्झाबॅन आता भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक रूपात मिळतात आणि पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत. जनऔषधी केंद्रात विचारून, किमान दोन दुकानांतील दर पाहून, पूर्ण महिन्याचा हिशेब करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे, घरी चालणाऱ्या गोळीचा खर्च तिच्यातून भागेल असे गृहीत धरू नये. ज्या गोळीचा खर्च दुसऱ्या महिन्यात थांबवावा लागणार आहे, ती पहिल्या दिवशीच नको. नियमित घेतलेली वॉरफरीन ही अधूनमधून घेतलेल्या नव्या गोळीपेक्षा केव्हाही भली.

मुदतही हिशेबात येते. शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे असे ठळक कारण असेल तर बहुधा तीन महिने पुरतात. कारण सापडले नसेल तर औषध थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे 10 टक्के आणि पाच वर्षांत सुमारे 25 टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी होते. म्हणून अशांना औषध पुढे चालू ठेवण्याचा विचार होतो, आणि सहा महिन्यांनंतर अ‍ॅपिक्झाबॅन 2.5 मिलिग्रॅम दोनदा किंवा रिव्हरॉक्झाबॅन 10 मिलिग्रॅम एकदा एवढा कमी डोसही चालू शकतो. वॉरफरीनला अशी सवलत नाही, तिचा आयएनआर 2 ते 3 च ठेवावा लागतो.

वरचे अपवाद नसलेल्या, मूत्रपिंड बऱ्या स्थितीत असलेल्या आणि गोळी न चुकता घेणाऱ्या रुग्णाने खर्च झेपत असल्यास नवी गोळी घ्यावी. तपासणीला पोहोचणे कठीण असलेल्या पेठ-सुरगाण्यातील रुग्णाला तर तिची गरज शहरातल्यापेक्षा अधिक आहे. खर्च झेपत नसेल, मूत्रपिंड फार खराब असेल किंवा कोणीतरी दर महिन्याला विचारणारे असल्याशिवाय गोळ्या चुकतात असा अनुभव असेल, तर वॉरफरीन. एका गोळीवरून दुसरीवर जाणे शक्य आहे, पण ते डॉक्टरांकडूनच: वॉरफरीन थांबवून आयएनआर ठरलेल्या पातळीखाली आल्यावरच नवी गोळी सुरू होते. अदलाबदलीच्या दिवशी जुनी पट्टी घरातून बाजूला काढून ठेवावी, कारण ‘उरल्यात तर संपवू’ म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र घेणारे रुग्ण असतात, आणि रक्तस्राव होऊन रुग्णालयात येतात ते असे.