प्रौढ स्वमग्नता: ससून, औंध की येरवडा?

लहानपणी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालेल्या मुलांना बालरोग विभाग सांभाळतो. मूल मोठं झालं की ते दार मिटतं. तिशीत पहिल्यांदा स्वमग्नतेची शंका आलेल्या माणसासाठी तर ते कधी उघडलेलंच नसतं. दोघांनाही सरकारी व्यवस्थेत मनोविकार विभागच उरतो. पुण्यात त्यासाठी तीन ठिकाणं आहेत: स्टेशनजवळचं ससून, सांगवी फाट्याजवळचं औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय.

निवड करण्याआधी दोन कामं वेगळी करा. एक म्हणजे निदान आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. ते चार-सहा फेऱ्यांत संपतं. दुसरं म्हणजे चिंता, नैराश्य, झोप, चिडचीड यांसाठी दर महिन्याला जाणं. ते वर्षानुवर्षं चालतं. बहुतेक घरं पहिल्या कामासाठी रुग्णालय निवडतात आणि दुसऱ्या कामात दमतात.

पहिल्या कामासाठी ससूनचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. प्रौढांमध्ये स्वमग्नता, छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), मंत्रचळ (ओसीडी) आणि सामाजिक भीती यांची सरमिसळ होते. अशा वेळी मनोविकार, मेंदूविकार आणि कान-घसा विभाग एकाच आवारात असणं मोलाचं असतं. ससून मेट्रोच्या पुणे रेल्वे स्टेशनवरून पायी गाठता येतं. औंधला मात्र बस किंवा रिक्षा लागतेच.

प्रमाणपत्रासाठी कुठेही गेलात तरी मोजपट्टी एकच, ‘इसा’ (ISAA), म्हणजे स्वमग्नता मोजण्याची भारतीय प्रश्नावली. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण मिळतात. एकूण ७० च्या खाली आले तर स्वमग्नता नाही असं धरलं जातं. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. ७० गुणांवर ४० टक्के दिव्यांगत्व धरलं जातं आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा तोच आहे. गुण देण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण प्रौढांचं घोडं इथेच अडतं. मुद्द्यात विचारलेली अडचण शंभरातल्या वीस वेळांपर्यंत दिसत असेल तर १ गुण, चाळीसपर्यंत २, आणि ऐंशीच्या पुढे ५. ‘डोळ्यांत बघून बोलतो का?’ असं विचारलं की आई सांगते, ‘बोलतो की.’ तिथे एकच गुण पडतो. खरं उत्तर असं असतं: घरच्यांशी दहातल्या सहा वेळा, परक्यांशी दहातल्या एक वेळा, तेही समोरच्याच्या कपाळाकडे बघून, आणि घरी आल्यावर दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून. वर्षानुवर्षं सगळं लपवायला शिकलेली माणसं अशाच ढोबळ उत्तरांमुळे ७० च्या खाली राहतात. म्हणून जाण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: कोणती गोष्ट, दहातल्या किती वेळा, कुठे. वाढवून लिहू नका, फक्त मोजा. सोबत शाळेची प्रगतिपुस्तकं आणि बालपण डोळ्यांनी पाहिलेलं एक माणूस असू द्या. बोलायला कधी लागला आणि खेळणी कशी मांडायचा, हे बायकोला किंवा नवऱ्याला सांगता येत नाही.

आणखी एक फाटा इथेच फुटतो. नैराश्याचे उपचार आधीपासून चालू असतील तर ‘मानसिक आजार’ या प्रकारातलं प्रमाणपत्र लवकर हाती येऊ शकतं. त्याची मोजपट्टी वेगळी, ‘आयडियाज’ (IDEAS), एकूण २० गुणांची. तिच्यात ७ पासून ४० टक्के धरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही प्रकार आहेत आणि नोकरीतल्या आरक्षणातही ते एकाच गटात येतात. पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आहे, मानसिक आजार नाही. निरामय योजनेचं एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यसंरक्षण आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मिळणारं कायदेशीर पालकत्व त्या कायद्यातून येतं. तेव्हा स्वमग्नता खरोखर असेल तर घाईने दुसऱ्या प्रकारावर समाधान मानू नये, असं मला वाटतं.

आता दुसरं काम. माझा कौल इथे ठरला तो एकाच त्रासामुळे: दर खेपेला नवा चेहरा.

ससूनसारख्या शिकवणाऱ्या कोणत्याही रुग्णालयात हे होणारच. एमडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. निवासी डॉक्टर आज बाह्यरुग्णात, पुढच्या महिन्यात वॉर्डात, मग आपत्कालीन विभागात किंवा मेंदूविकारात, असे फिरत राहतात. विभाग युनिटांत, म्हणजे डॉक्टरांच्या तुकड्यांत, वाटलेला असतो आणि प्रत्येक युनिटाचे वार ठरलेले असतात. वार चुकला की दुसऱ्याच युनिटासमोर बसावं लागतं. यात कुणाचा दोष नाही, डॉक्टर घडतात ते असेच. साध्या रुग्णाची यात थोडी गैरसोय होते इतकंच. पण स्वमग्न प्रौढाला ‘पहिल्यापासून सांगा’ हे वाक्य दर महिन्याला ऐकावं लागणं म्हणजे सगळी शक्ती तिथेच संपणं. मग तो ‘बरं आहे’ एवढंच म्हणतो, गोळ्या तशाच पुढे चालू राहतात आणि तीन-चार खेपांनंतर तो जाणंच सोडतो. उपचार बिनसतात ते निदानात नाही, इथे.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ मोजके असतात, आणि इथे तेच पथ्यावर पडतं. बहुतेक वेळा तोच डॉक्टर, तीच खोली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकाचीही तरतूद असते. उणीव अशी की हेच पथक तालुक्यांच्या शिबिरांना जातं. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात तुमचा डॉक्टर नसतो. पुढची तारीख घेतानाच ‘त्या दिवशी डॉक्टर इथेच आहेत ना?’ असं विचारून घ्यायचं. सोमवार टाळा. रविवारची सुट्टी संपल्यावरची गर्दी आणि गोंगाट दोन्ही झेपत नाहीत.

खर्चातही थोडा फरक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. औंध आणि येरवडा त्यात येतात. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे त्या निर्णयात नाही. तिथले दरही माफकच असतात, तेव्हा यावरून निवड करू नये.

येरवड्याचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. ती अनाठायी आहे. २,५४० मंजूर खाटांच्या या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही चालतो आणि केसपेपर काढला म्हणजे कुणी दाखल करून घेत नाही. तरीही नेहमीच्या भेटींसाठी मी ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन, कारण स्वमग्नतेपेक्षा तीव्र मनोविकारांचा अनुभव तिथे अधिक आहे. प्रसंग बाका असेल तर मात्र तेच गाठा. स्वमग्न तरुण अचानक मंदावला, दारातच अडून उभा राहू लागला, बोलणं-जेवण तुटलं, तर तो हट्ट किंवा आळस समजू नका. ती ताठरावस्था (कॅटाटोनिया) असू शकते. तिच्यावर औषध आहे आणि उशीर धोक्याचा ठरतो. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत सल्ला मराठीत मिळतो. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

गोळ्यांचं एक सांगायलाच हवं. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलते, तसा गोळीचा रंग आणि आकारही बदलतो. ‘ही माझी गोळी नाही’ म्हणून डोस सुटतो आणि डॉक्टरला वाटतं औषध लागू पडत नाही. जुनी पट्टी खिशात ठेवा. औषध खिडकीवरच दोन्ही पट्ट्यांवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा आणि ते गोळी घेणाऱ्यालाच वाचायला द्या, घरी गेल्यावर नव्हे, तिथेच.

म्हणून मला पटणारा क्रम असा: निदान अवघड असेल तर ससूनमध्ये करून घ्या आणि नियमित भेटी औंधला ठेवा. जागा बदलताना कागद मागायला संकोचू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. प्रमाणपत्राचा अर्ज राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार घेतले त्या सरकारी रुग्णालयात, दोन्हीकडे करता येतो. मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणेच प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो कागद पहिल्या भेटीआधीच करून फाइलला लावा. मुलगा तीस वर्षांचा असताना आईला खोलीत सोबत बसायचं की नाही, हा प्रश्न मग दारात सोडवावा लागत नाही.